एकताची जागा

क्लेमेंटी, ८ जून

प्रिय ताई,

जय भीम.

गेल्या शनिवारी सकाळी मी इंग्लंडमध्ये मार्लफर्डच्या भाड्याच्या खोलीत लवकर उठलो आणि वंदनेला बसलो. दाराच्या मागच्या बाजूला सूचना लावली होती, खोलीत मेणबत्ती पेटवू नये. म्हणून लहान मूर्तीपुढे मेणबत्ती न पेटवताच ठेवली आणि त्रिशरण, पंचशील हळू आवाजात म्हटलं. शेजारच्या खोलीतलं कोणी जागं होऊ नये म्हणून. मग एकताचा लॅबचा पांढरा कोट पिशवीत घातला आणि नदीच्या कडेने निघालो.

फोन करू नको असं तू म्हणालीस. पत्राचं काही बोलली नाहीस, म्हणून लिहितो आहे. निशिकांतला सांगितलं आहे की हे आईच्या हातात दे आणि स्वतः बाहेर जा. नाहीतर तू त्याच्याकडूनच वाचून घेशील आणि मध्येच "पुरे झालं" म्हणशील.

तुझं शेवटचं वाक्य मी विमानात सगळा वेळ घोळवत होतो. "तिले सोबत घेऊनच ये. नाई आली, त मले फोन करू नको." कोट न्यायची कल्पनाही तुझीच. "पाहील त आठवन येईन तिले," म्हणालीस. तुझ्या पुढच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या शेजारी एकताचा त्या कोटातला फोटो आहे. येणारी-जाणारी माणसं तिला औषधाची डॉक्टर समजतात, ताप आला की तुला गोळी विचारतात आणि तू सांगतेससुद्धा. तुला तो फोटो काढावा लागू नये, हे मला कळत होतं. नंदाने कोट इस्त्री करून दिला. देताना एवढंच म्हणाली, "तुम्ही भावंडं मिळून तिला आणणार, आणि ती येणार का, तेवढं तिला विचारायचं राहिलंय."

मार्लफर्ड हे आपल्या तालुक्याच्या गावापेक्षा लहानच असेल. नदी गावाच्या मधून जाते. आपली अडाण नदी मे महिन्यात नुसती वाळू होते, ही मात्र काठोकाठ आणि इतकी सावकाश की पाणी कुठल्या बाजूला चाललंय ते बदकांकडे पाहून ठरवावं लागतं. दगडी पूल आहे, जुनं चर्च आहे. शनिवार हा बाजाराचा दिवस. चौकात कापडी छपरांखाली चीज, स्ट्रॉबेरी, भाजीची रोपं, जुनी पुस्तकं. रोपं विकणाऱ्या बाईने मला सांगितलं की इथे बाजार भरवायचा हक्क कधीकाळी राजाने लिहून दिलेला आहे आणि शनिवारी पाऊस असला तरी बाजार मोडत नाही. मी तिच्याकडून काही घेतलं नाही तरी ती बराच वेळ बोलत होती.

पुलापलीकडे गिरणी आहे. खाली वीट, वर पांढरा रंग दिलेल्या लाकडी फळ्या. नदीचं थोडं पाणी वळवून इमारतीच्या पोटातून नेलंय, त्यावर मोठं चाक फिरतं. मी दारात वाकून आत गेलो. पिठाच्या धुरळ्यात समोर कोणी तरी पोती लावत होतं. पापण्यासुद्धा पांढऱ्या. त्या माणसाने मान वर न करता मराठीत सांगितलं, "बाबा, डोकं सांभाळा. तुळई खाली आहे."

तिची तब्येत चांगली आहे. हात थोडे खरबरीत झालेत. जेवण नीट घेते. तुझा निरोप मी तिला सांगितला.

नंदाचा तुला नमस्कार. उद्यापासून माझं ऑफिस आहे. एका जहाजाचं इंजिन दुरुस्तीला आलंय, दोन आठवडे त्यातच जातील.

तुझा,
प्रबोध


क्लेमेंटी, २९ जून

प्रिय ताई,

जय भीम.

तुझं उत्तर आलं नाही. निशिकांतचा मेसेज आला, "मामा, आई विचारते, आणली का?" एवढाच.

नाही आणली.

आणि मागच्या पत्रात लिहिलं की तुझा निरोप सांगितला, ते त्या शनिवारचं खरं नव्हतं. शनिवारी मी नुसता गिरणी बघत राहिलो. तुला हसू येईल, पण इंजिनरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला तिथून हलवत नाही. पाण्याचं चाक हळू फिरतं, पण त्याच्या दात्यांवरून वर जाता जाता वेग वाढत जातो आणि दगड गरगर फिरतो. एका चक्राचे दाते लोखंडी आहेत आणि त्याला भिडणाऱ्या दुसऱ्याचे लाकडी. काही अडकलंच तर लाकडाचा एक दाता तुटतो, बाकी यंत्र वाचतं. कोणी तरी फार पूर्वी बसून हा विचार केला होता. मी सवयीने बेअरिंगच्या लाकडावर तळहात ठेवून गरम आहे का पाहिलं. तिथले जुने गिरणीवाले मिस्टर होल्डन जिन्यावर बसले होते. गुडघे गेल्यामुळे ते आता वर चढत नाहीत. मला म्हणाले, "काय डॉक्टर, जगेल का?" एकता खूप हसली. तिला असं हसताना मी लॅबच्या दिवसांत पाहिलं नव्हतं. हे तुला लिहू नये असं वाटत होतं.

रविवारी कोट दिला. तिने तो वास घेऊन पाहिला.

"आईने इस्त्री केलीय. आणि कल्पना आत्याची," ती म्हणाली. मी काही सांगायच्या आत तिला कळलं होतं.

"हो."

तिने तो अंगात घातला, बाह्या दुमडल्या आणि आपल्या क्लेमेंटीच्या बोलीत म्हणाली, "परफेक्ट लाह. पीठ दिसणारच नाही."

"एकता, तो लॅबचा कोट आहे."

"लॅबमध्ये याच्यावर कधी काही सांडलंच नाही, बाबा. तीन वर्षांत एक डाग नाही. बघा."

मग मी तुझा निरोप सांगितला, तू म्हणालीस तसाच, तुझ्या शब्दांत. तिने ऐकून घेतला. नंतर विचारलं, "आणि तुम्ही काय सांगता?"

मी खिडकीतून चाकाकडे पाहू लागलो. खाली पाणी वाजत होतं, तेवढी सोय झाली.

ती म्हणाली की तीन वर्षं तिने गव्हातलं एक प्रोटीन पाहिलं, गहू पाहिला नाही. प्रोफेसरबाईंनी तिला इंग्लंडला तीन महिन्यांच्या कामासाठी पाठवलं, त्यात एकदा या गिरणीतला नमुना घ्यायला आली आणि दगडाखालून निघणारं कोमट पीठ हातात घेतलं. "मला तिथेच कळलं की मी परत जाऊन खोटं काम करणार आहे. काम खोटं नाही, प्रोफेसर तर खूपच चांगल्या आहेत. मी खोटी." होल्डननंतर गिरणी तिने चालवावी असं गावाच्या समितीने ठरवलं आहे. त्या गावात आपल्यासारखं दिसणारं दुसरं कोणी मला दिसलं नाही. शनिवारी बाजारातल्या म्हाताऱ्या बायका पिशव्या घेऊन येतात आणि तिला नावाने हाक मारतात. नाव चुकीचंच उच्चारतात.

आता जे लिहितोय ते वाचून तू पत्र बाजूला ठेवशील. ठेव, पण नंतर पुन्हा उचल.

गिरणीच्या वरच्या मजल्यावर एका तुळईवर जुन्या अक्षरांत नियम रंगवला आहे. जो आधी येईल त्याचं आधी दळलं जाईल. एकताने सांगितलं की इकडच्या गिरण्यांचा हा फार जुना रिवाज. मी ते वाचत तिथेच उभा राहिलो, तेव्हा ती म्हणाली, "फार चांगले होते असं समजू नका, बाबा. गिरणी जमीनदाराची. सगळ्यांनी तिथेच दळायचं आणि पिठातला वाटा त्याला द्यायचा. कोणाच्या घरात जातं सापडलं तर त्याची माणसं उचलून न्यायची."

तरी मी त्या तुळईवरून नजर काढू शकलो नाही. आणि मग मी तिला तुझ्या सातवीच्या परीक्षेची सकाळ सांगितली.

तू मला ती कधी सांगितली नाहीस. आईने सांगितली, तीही शेवटच्या आजारात. पहाटे तुला गिरणीत पाठवलं होतं, तुझा डबा सगळ्यांत पहिला होता. गिरणीवाल्याने तो ओट्याखाली सरकवला. गावातला जो येईल त्याचं दळत गेला, आपलं शेवटी. तू पुस्तक घेऊन पायरीच्या खाली बसलीस. दळण हातात पडलं तोवर परीक्षेला तालुक्याला जाणारी एसटी निघून गेली होती. पुढच्या वर्षी बस म्हणून मास्तर घरी आले, पण तू गेली नाहीस.

एकताने दोर ओढून पाणी बंद केलं. चाक थांबायला वेळ लागला. मग तिने विचारलं, "आणि आत्या घरी आली, पीठ घेऊन?"

"हो."

"मग त्या पिठाचं काय केलं?"

"भाकरी केल्या. सगळ्यांनी खाल्ल्या. मी पाच वर्षांचा असेन, मीपण खाल्ल्या."

ती एका पोत्यावर बसली. म्हणाली, "मला हे कोणीच सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर इथे आली नसतीस?"

तिने खोटं बोलायचं टाळलं. "आले असते. पण सगळ्यांच्या आधी आत्याला सांगितलं असतं. तुमच्याकडून तिला कळायला नको होतं."

तिने मला तुला एक विचारायला सांगितलं आहे. तिने फोन केला तर तू उचलशील का? ती विचारून करणार आहे, न विचारता नाही.

तुझा,
प्रबोध


क्लेमेंटी, २० जुलै

प्रिय ताई,

जय भीम.

निशिकांतचा मेसेज पोचला. तुझे शब्द त्याने जसेच्या तसे लिहिले असावेत. "तिचा फोन नको. तिची जागा हाये ना अजून? मंग ते सोडू देऊ नको. बाकी मले काई सांगू नको."

म्हणजे जागेचं तुला नंदाकडून कळलंय. मी लिहिलं नव्हतं. आता सगळं लिहितो.

एकताने तिच्या प्रोफेसर लिमबाईंना मार्चमध्येच कळवलं होतं की पीएच.डी. सोडते, परत येणार नाही. तिच्याकडून ते संपलं होतं. तरी मी लगेच त्यांना भेटायला गेलो. आमच्या घराच्या खालून बस थेट युनिव्हर्सिटीत जाते. मी त्यांना म्हटलं, मॅडम, मुलगी लहान आहे, तिला समजावू, तोवर जागा भरू नका. त्या माझ्याच वयाच्या असतील, त्यांनाही मुलगी आहे. म्हणाल्या, ऑगस्टमध्ये नवीन सत्र सुरू होतं, तोवर थांबते. खाली येऊन मी झाडाखाली बसलो आणि मला बरं वाटलं. आपण काही तरी वाचवलं असं वाटलं.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांचा फोन आला. एक मुलगी त्या जागेसाठी थांबली आहे. तिला दुसरीकडेही बोलावलं आहे, पण तिला इथेच यायचंय. "मिस्टर प्रबोध, मी शब्द दिलाय, तुम्ही सांगेपर्यंत मी थांबेन. फक्त लवकर सांगा." मी म्हटलं, आणखी थोडे दिवस द्या. आवाज माझाच होता, पण बोलणं तुझं होतं, ताई. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मला बोलायला तूच शिकवलंस.

मग मागच्या रविवारचं सांगतो. आम्ही विहारातून आलो आणि जेवायला क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखाली खाण्याच्या टपऱ्या असतात तिथे, गेलो. तिथे भर दुपारी टेबल मिळत नाही. इथल्या लोकांची एक रीत आहे. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं आणि मग जेवण आणायला रांगेत जायचं. पाकीट दिसलं की दुसरं कोणी तिथे बसत नाही. कोणी भांडत नाही, कोणी पाकीट उचलत नाही. इतकी वर्षं झाली, मी कधी ठेवलं नाही. ताट हातात घेऊन उभा राहतो, जागा झाली की बसतो. नंदा चिडते, पण मला ते जमत नाही. त्या दिवशी तिचा पाय दुखत होता, म्हणून मी पहिल्यांदा पाकीट ठेवलं.

रांग मोठी होती. मी मागे वळून पाहिलं तर एक म्हातारी चिनी बाई गरम सूपचा वाडगा घेऊन आमच्या टेबलाजवळ उभी. तिने पाकिटाकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि पुढे गेली. वाडगा हातात, वाफ तोंडावर. पुढच्या टेबलावरही पाकीट होतं. मला रांगेतून ओरडून सांगता आलं असतं, बसा म्हणून. मी रांगेत एक पाऊल पुढे सरकलो. आम्ही ताटं घेऊन पोचलो तोवर ती कुठे तरी निघून गेली होती.

मी जेवलो नाही. नंदाने विचारलं काय झालं. सांगितलं. तिने एक घास खाल्ला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "युनिव्हर्सिटीतसुद्धा तुम्ही हेच पाकीट ठेवून आलाय. फरक एवढाच की इथे आपण जेवायला आलो तरी."

मी म्हटलं, "ताईला काय सांगू?"

"ताईंना मी सांगते हवं तर."

"तू नको सांगूस. तू सांगितलंस तर ती मला कधीच माफ करणार नाही."

"आणि तुम्ही सांगितलंत तर?"

"तरी करणार नाही. पण मग ते आमच्या दोघांतलं राहील."

नंदा म्हणाली, "तुमचं कुटुंब मला तीस वर्षांत कळलं नाही." आणि माझ्या ताटातली भाजी खाऊन टाकली.

ताई, तू अंगणवाडीत मदतनीस होतीस तेव्हा न आलेल्या मुलाचा वाटा झाकून ठेवत नसायचीस. दारात जे पोर उभं असेल त्याला द्यायचीस. बाई तुला रागवायच्या, हजेरीत बसत नाही म्हणून. तू म्हणायचीस, "जे आलं ते उपाशी, आन जे नाई आलं त्याचं झाकून ठेवू?" तेव्हा मी सुट्टीत आलेलो होतो, दारात उभं राहून ऐकलं होतं.

यावर तू म्हणशील, अंगणवाडीची खिचडी वेगळी आणि पीएच.डी. वेगळी. आपल्या वस्तीतून एक मुलगी तिथपर्यंत गेली, तिची खुर्ची मोकळी करायला मी काय वेडी आहे का? बरोबर आहे. मी रोज सकाळी वंदनेला बसतो तेव्हा हेच दोन्ही बाजूंनी येतं. डोळे मिटले की तू पायरीच्या खाली बसलेली दिसतेस. तू ज्या गिरणीपासून तिला लांब ठेवायला निघालीस, तिथेच ती आपल्या पायाने चालत गेली. यात न्याय कुठे आहे ते मला सापडत नाही. पण ती जिथे गेली तिथे ओट्याखाली कोणाचा डबा नाही. निदान तिच्या हाताखाली तरी नसेल, एवढं मी तिला ओळखतो.

मला अजून काही ठरवता आलेलं नाही. तुझी परवानगी मागतो आहे असं समज. मिळणार नाही हेही माहीत आहे.

तुझा,
प्रबोध


क्लेमेंटी, १ ऑगस्ट

प्रिय ताई,

जय भीम.

मागच्या पत्रावर काही आलं नाही. निशिकांतला विचारलं, तर म्हणाला, "मामा, आईने पत्र दोनदा वाचलं. मग गच्चीवर मिरच्या वाळत घालायला गेली. पावसाळ्यात मिरच्या कोण वाळत घालतं?" मी त्याला म्हटलं, तू तिला काही विचारू नकोस.

काल एकताशी बोललो. तिला खरं ते सांगितलं, आत्याने फोन नको म्हटलंय. ती म्हणाली, "ओके. मी थांबते. आत्यासाठी मी थांबू शकते, बाबा. फक्त माझ्या नावावर कोणाला थांबवू नका." मी तिला सांगितलं नव्हतं की जागा अजून मी धरून ठेवली आहे. तिला कसं कळलं ते मी विचारलं नाही. तिच्या आईला सगळं पोटात ठेवता येत नाही.

हे पत्र तुझ्याकडे पोचायला आठवडा तरी लागेल. त्यानंतर तू माझ्याशी बोलणार नाहीस, कदाचित पुढच्या आंबेडकर जयंतीला घरी आलो तरी दार नंदासाठी उघडशील, माझ्यासाठी नाही. मी बाहेर ओट्यावर बसेन. तू चहा निशिकांतच्या हाती पाठवशील, हेही मला माहीत आहे. तोही मी घेईन. पण दर रविवारी संध्याकाळी मी तुला फोन करणार आहे. तू करू नको म्हणालीस. आजवर तुझी एकही गोष्ट मोडली नाही, त्यामुळे कशी मोडायची त्याचा सराव नाही, जरा सांभाळून घे.

फोटो काढू नकोस. तो कोट ती अजून घालते.

आज सकाळी वंदना झाली. नंदा म्हणाली, "मी येऊ का?" मी नको म्हटलं. ऑफिसला उशिरा येतो असं कळवलं आणि युनिव्हर्सिटीची बस धरली. प्रोफेसर लिम त्यांच्या खोलीचं कुलूप उघडत होत्या. मी दारातच सांगितलं, बसलो असतो तर पुन्हा मुदत मागितली असती. म्हटलं, मॅडम, एकता येणार नाही. तिची जागा त्या मुलीला द्या.

त्यांनी विचारलं, "नक्की?"

"नक्की."

त्यांनी माझ्यासमोरच त्या मुलीला फोन लावला. पलीकडून एकदम जोरात काही तरी आलं, मग रडू, मग हसू. लिमबाईंनी फोन कानापासून लांब धरला. सोमवारी तू माझ्या लॅबमध्ये ये, असं तिला सांगितलं. ती मुलगी कुठली आहे, कोणाची आहे, हे मी विचारलं नाही.

तुझा,
प्रबोध